पाचशेपैकी सहाशे ऐंशी

बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्क्याऐंशी, एकोणसत्तर. हे माझे मॅट्रिकचे पाच विषयांतले गुण. बेरीज तीनशे पंचेचाळीस. ही गुणपत्रिका आमच्या लोखंडी कपाटात जुन्या कागदांच्या तळाशी आहे आणि मी सत्तरी ओलांडली आहे. हे आकडे या क्रमाने माझ्याशिवाय कुणाला माहीत असण्याचं काही कारण नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात नातीच्या जर्नलमध्ये मला तेच पाच आकडे त्याच क्रमाने दिसले, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

नात बुलढाण्यातच बारावी सायन्सला होती. तिला कम्प्युटरचा विषय होता आणि त्यात जावास्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची भाषा. या विषयाचं एक जर्नल करावं लागतं. ठरलेले प्रोग्राम त्यात हाताने उतरवायचे, सरांची सही घ्यायची. सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. आमच्याकडे हे जर्नल कुणी स्वतः लिहीत नाही. मागच्या वर्षीच्या पोरीकडून आणायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं. मागच्या वर्षीच्या पोरीनेही त्याच्या मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी आणलेलं असतं. सरांनाही तेच बरं वाटतं. सगळ्यांचं सारखं असलं की तपासावं लागत नाही.

नात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. सकाळचं ऊन पाठीवर घ्यायला मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली होती. ती एकदम हसायला लागली.

“आबा, हे पाहा. माह्या मैत्रिणीले पाचशेपैकी सातशे सोळा पडले!”

मी म्हटलं, “काय केलंस तू?”

“काही नाही. जर्नलमधलं फंक्शन आहे ना, पाच विषयांची बेरीज करायचं. ते जसंच्या तसं टाइप केलं. जर्नलमधले मार्क टाकले, तीनशे पंचेचाळीस आले. बरोबर आलं. मंग त्याच फंक्शनले तिचे मार्क देले, तं सातशे सोळा आले. तिची खरी बेरीज तीनशे एकाहत्तर आहे.”

माझ्या तोंडून निघालं, “दुसऱ्यांदा कशाला बोलावलंस त्या फंक्शनला? प्रश्नात एकच विद्यार्थी आहे.”

हे वाक्य मी उच्चारलं आणि मला ते ओळखू आलं. बारा वर्षांपूर्वी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी भरल्या लॅबमध्ये एका मुलीला म्हटलं होतं. आणि नातीने जे उत्तर दिलं तेही मी आधी ऐकलेलं होतं.

“आबा, मंग फंक्शन कायले पाह्यजे? एकदाच बोलवायचं असतं तं साध्या पाच ओळी लिहून टाकल्या असत्या ना.”

त्या मुलीबद्दल मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. ते आता सांगायचं आहे. आधी माझ्याविषयी.

मी बुलढाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत असे. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना कम्प्युटरचा विषय आला. तो शिकवायला माणूस नव्हता. प्राचार्य म्हणाले, “तुम्ही गणितवाले, तुम्हालाच जमेल.” आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात शिकवणारा भराभर पडदे बदलत होता आणि आम्ही सगळे पन्नाशीतले मास्तर पडद्यावरचं उतरवून घेत होतो. परत आल्यावर त्या कागदांवरून मी नोट्स तयार केल्या. काही प्रोग्राम उतरवलेले होते, काही मी स्वतः रचले. पाच विषयांच्या बेरजेचा प्रोग्राम माझा स्वतःचा. त्यात माझे मॅट्रिकचे गुण घातले. त्यात थोडी हौस होती, थोडा तोरा. बेरीज साठवायच्या जागेला इंग्रजी अक्षरांत ‘एकूण’ असं नावही मीच दिलं. नातीच्या जर्नलमध्ये तेही तसंच होतं.

फंक्शन म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. चार ओळी एकत्र बांधून त्यांना नाव दिलं की फंक्शन झालं, असं मी समजत होतो आणि तसंच शिकवत होतो. गणितात मी तीस वर्षं फल, म्हणजे तिथलं फंक्शनच, शिकवलं होतं. एक संख्या आत, एक संख्या बाहेर, आणि तीच संख्या पुन्हा आत घातली तर तेच उत्तर पुन्हा बाहेर. हे मला पक्कं माहीत होतं. पण कम्प्युटरवर बसलो की गणितातलं ते सगळं मी बाहेर चपलांजवळ ठेवून यायचो.

माझ्या प्रोग्राममधली चूक साधी होती. ‘एकूण’ ही जागा मी फंक्शनच्या बाहेर ठेवली होती आणि सुरुवातीला तिच्यात शून्य घातलं होतं. फंक्शनला पाच गुण दिले की ते एकेक करून त्या बाहेरच्या ‘एकूण’मध्ये मिळवायचं आणि पडद्यावर उत्तर छापायचं. पहिल्यांदा बोलावलं तर उत्तर बरोबर येणारच. पण काम संपल्यावर ‘एकूण’ पुन्हा शून्य होत नव्हतं. पहिल्याचे तीनशे पंचेचाळीस तिथंच बसून राहायचे. दुसऱ्यांदा बोलावलं की दुसऱ्याचे गुण त्यांच्यावर चढायचे. आम्ही वर्गात कधी दुसऱ्यांदा बोलावलंच नाही, म्हणून ते कुणाला कळलं नाही.

कळलं ते देऊळघाटच्या एका मुलीला.

ती रोज बसने यायची. घरी भाजीपाल्याचं शेत. वडील रविवारच्या बाजारात मेथी, वांगी, कोथिंबीर घेऊन बसायचे. तिच्याजवळ बटणांचा साधा फोन होता, बस चुकली तर घरी कळवायला. तिसऱ्या रांगेत बसायची. प्रश्न फार विचारायची नाही. लॅबमध्ये चौदा कम्प्युटर होते, त्यातले सहा चालायचे. एकेका कम्प्युटरवर चार-चार पोरं असायची, आणि तिच्या कम्प्युटरवर हात नेहमी तिचाच असे.

त्या दिवशी तिच्या कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला. एक पोरगा ओरडला, “सर, हिले पाचशेपैकी सहाशे ऐंशी पडले! बोर्डात पहिली आली!” सगळा वर्ग हसला. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, एक सांगू का? पहिल्याचे मार्क दुसऱ्यात मिसळून राह्यले. ‘एकूण’ आत घ्या लागते.”

मी म्हटलं, “तुला दुसऱ्यांदा बोलवायला कुणी सांगितलं? प्रश्नात एकच विद्यार्थी आहे.”

“सर, पण मंग फंक्शन कायले लिहायचं?”

वर्ग पुन्हा हसला. ते तिच्यावर हसले की माझ्यावर, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मला मात्र ते माझ्यावरच वाटलं. मी तिला खाली बसवलं.

मधल्या सुट्टीत खडूचा डबा घ्यायला मी लॅबकडे गेलो. ती एकटीच बसली होती. मी दारातच थांबलो. तिला माझी चाहूल लागली नाही. तिने ‘एकूण’ची ओळ उचलून फंक्शनच्या आत टाकली. शेवटी छापण्याच्या ओळीऐवजी उत्तर परत पाठवणारी ओळ लिहिली. एकदा चुकलं, पुन्हा लिहिलं. ओठ हलत होते. मग तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे गुण देऊन तिने फंक्शन तीनदा बोलावलं आणि तीन बेरजा एकाखाली एक आल्या. तिन्ही बरोबर असाव्यात. तिने बोटांवर मोजून पडताळल्या आणि एकदा टाळी वाजवली, स्वतःसाठीच, हलकीशी.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लॅबमध्ये इंटरनेट नव्हतं, ते प्राचार्यांच्या खोलीपुरतं होतं. तिचा फोन दप्तरात होता, आणि बाहेर असता तरी त्या फोनवर यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

जर्नलं सहीला आली. तिने तो प्रोग्राम तिच्या पद्धतीने लिहिला होता. मी म्हटलं, नोट्सप्रमाणे लिहून आण. ती दुसऱ्या दिवशी तेच घेऊन आली. म्हणाली, “सर, चुकीचं आहे हे माहीत असून कसं लिहू?” तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी सही केली नाही.

मला फंक्शन कळत नव्हतं, हा काही गुन्हा नव्हे. कुणी शिकवलंच नव्हतं. पण ते मला कळत नाही हे तिला कळलं होतं, आणि ते माझ्याने सहन झालं नाही.

चार दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले. भाजीचं काम टाकून आले होते, धोतराला ओली माती होती. स्टाफरूमच्या दारात चपला काढून आत आले. माझ्याखेरीज आणखी दोन मास्तर तिथं बसले होते.

ते म्हणाले, “सर, पोरगी म्हणते सही भेटून नाही राह्यली. काय चुकलं तिचं? पाय धरवतो तुमचे तिले.”

याचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं. काहीच नाही. पण ते दोन मास्तर वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत होते. मी म्हटलं, “ती माझं ऐकत नाही. हे प्रोग्राम तिला फोनवर कुणीतरी पाठवतं. ती तेच आणून दाखवते. तुम्ही जरा फोनकडं लक्ष ठेवा.”

एवढंच. मी ‘मुलगा’ म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. देऊळघाटच्या माणसाला बारावीतल्या लेकीबद्दल ‘फोनवर कुणीतरी’ म्हटलं की पुढचं तो स्वतः समजतो, आणि तो समजेल हे मलाही समजत होतं. त्यांची मान खाली गेली. हात जोडून म्हणाले, “बरं झालं सर, वेळेवर सांगतलं,” आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले.

ती नंतर कॉलेजात आली नाही. फक्त परीक्षेला आली. वडील सोबत यायचे आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसायचे. सही मी करून टाकली होती, आता त्याने काय बिघडणार होतं. प्रॅक्टिकलला तिने मुकाट्याने माझ्या नोट्समधला प्रोग्राम लिहिला, चुकीचा, जसाच्या तसा. मी तिला पास होण्यापुरते गुण दिले. कम्प्युटरची डिग्री करायची असं ती मैत्रिणींना सांगायची, हे मला नंतर कळलं. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं.

आणि तिचे वडील माझे ऋणी झाले. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. रविवारी बाजारात मी त्यांच्यासमोरून गेलो की ते हाक मारून बोलवायचे. पिशवीत कोथिंबिरीची जुडी घालायचे. “राहू द्या हो सर, तुमच्यामुळं घराची अब्रू राह्यली.” दोन-तीन रविवार मी ती जुडी घरी आणली. मग त्या रांगेतून जायचंच बंद केलं. बारा वर्षं मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाहून भाजी आणली. तिकडची मेथी दुपारपर्यंत मान टाकते. बायको दर रविवारी म्हणायची, “तुमाले चांगली भाजी दिसत नाही का हो कुठं?”

त्या सकाळी नातीने मला फंक्शन शिकवलं. एखाद्या लहान मुलाला शिकवावं तसं. म्हणाली, “आबा, फंक्शनची आपली एक खोली असते. आतल्या वस्तू आतच. तुम्ही त्याले बोलावलं की दर वेळी नवीन खोली मिळते, कोरी. काम झालं की खोली गेली. बाहेर फक्त उत्तर येते, ‘रिटर्न’ म्हटलं तर. अन् रिटर्न म्हटलंच नाही तर काहीच येत नाही.”

“मग छापलं ते?”

“ते फक्त दिसते आबा. दिसणं येगळं अन् हातात येणं येगळं. छापलेल्या उत्तराची पुढं टक्केवारी काढून दाखवा बरं मले.”

मी प्रयत्न केला. निघाली नाही. मग तिने ‘एकूण’ची ओळ आत घेतली, शेवटी ‘रिटर्न’ लिहिलं आणि टक्केवारी निघाली. दोन ओळींचा फरक होता, तेवढाच, जेवढा त्या मुलीने केला होता.

मी म्हटलं, “जर्नलमध्ये असंच लिही.”

“सर सही नाही देणार. म्हणतात, परीक्षेत एकदाच रन करायचं, काय फरक पडते? अन् आबा, हे कोण्या जुन्या सरांचं आहे म्हणे. लय वर्षांपासून असंच चालू आहे.”

“ते जुने सर मीच,” मी म्हटलं.

ती आधी हसली. मी कपाटातून गुणपत्रिका काढून तिच्यापुढे ठेवली तेव्हा हसायची थांबली. उरलेली गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली नाही. तिच्या सरांना मात्र चूक समजावून चिठ्ठी लिहिली. निरोप आला: यंदाची जर्नलं झाली आहेत, पुढच्या वर्षी पाहू. त्यांना मी काय म्हणणार?

त्या रविवारी मी बारा वर्षांनी भाजीच्या त्या रांगेत गेलो. तिचे वडील तिथंच होते, पोत्यावर, पाठ जरा वाकलेली. मला पाहून उठायला लागले. “सर! किती दिवसांनी! कोठी गायब झाले होते?” मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. पण गिऱ्हाईक उभं होतं, शेजारचा कांदेवाला ऐकत होता, आणि मी फक्त विचारलं, “लेक कुठं असते?”

“साखरखेर्ड्याले देली. पिठाची चक्की आहे त्यायची. बरं आहे चाललेलं.” आणि माझ्या पिशवीत त्यांनी कोथिंबिरीची जुडी घातली. मी ती घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, “आज कशी चांगली आणली?”

दोन दिवसांनी चिखलीला गाडी बदलून साखरखेर्ड्याला गेलो. चक्की बाजाराच्या बाजूलाच होती. ती स्वतः चक्कीवर उभी होती, भुवयांवर पीठ, डोक्याला रुमाल. मी ओळखलं नसतं. तिने मात्र मला लगेच ओळखलं.

“सर? तुमी इकडं कसे?”

मी खिशातून नातीच्या जर्नलच्या पानाची झेरॉक्स काढली. तिने पिठाचा हात पदराला पुसून ती घेतली, वाचली आणि मोठ्याने हसली. “सहाशे ऐंशी! अजून चालूच आहे का हे?”

“चालू आहे. माझ्या नातीच्या जर्नलात आहे.”

“आता पाहा सर,” तिने चक्कीकडे बोट दाखवलं, “मिरची दळल्यावर चक्की झाडली नाही, तं पुढच्या बाईच्या गव्हात तिखट जाते. मंग ती बाई मले शिव्या देते. तुमचं फंक्शन चक्की झाडतच नव्हतं.” आपल्या डब्याची वाट पाहत बसलेली एक म्हातारी उगाचच हसली.

मी म्हटलं, “मी त्यासाठीच आलो. तू बरोबर होतीस. ते तू स्वतः लिहिलंस, हे मी दारात उभा राहून पाहिलं होतं. आणि तुझ्या वडिलांना खोटं सांगितलं.”

तिचं हसू गेलं. तिने आधी म्हातारीचा डबा भरला, झाकण लावलं, तिला वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळली.

“हे तुमी मले काऊन सांगून राह्यले, सर? मी तं तथीच होती. मले माहीतच आहे.”

तिने ती झेरॉक्स परत माझ्या हातात दिली.

“माह्या बाबाले सांगा. त्यायनं त्या दिवशी घरी येऊन मले एकच इच्यारलं, कोण आहे तो. मी म्हणलं, कोणीच नाही. पुन्हा इच्यारलं. मी पुन्हा तेच म्हणलं. त्यायनं मारलं नाही, शिव्या नाही देल्या. फक्त बोलणं कमी केलं. अजून मी माहेरी गेली अन् माहा फोन वाजला, का बाबा उठून बाहेर जाऊन बसतात. माह्या नवऱ्याचा फोन असला तरी.”

एवढं बोलून तिने पट्टा चढवला. चक्की सुरू झाल्यावर तिला मोठ्याने बोलावं लागलं. मी म्हटलं, मी हे लिहूनही काढणार आहे. स्टाफरूममध्ये आणखी दोन मास्तरांनी माझं ते खोटं ऐकलं होतं, आणि त्यांनी ते पुढं किती जणांना सांगितलं असेल, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, “लिहा. पण माहं नाव नका टाकू. नावाचं एकदा झालं तेवढं पुरे.”

चहा विचारला तिने. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारला नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, भाजीवाल्याच्या घरी जाऊन येतो एवढंच बायकोला सांगून, मी काळीपिवळी जीपने देऊळघाटला गेलो. ती वाट बुलढाण्यापासून किती थोडी आहे, हे मला त्या दिवशी जाणवलं. तिचे वडील घराच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मला पाहून उठले, आत पाण्यासाठी ओरडले, सतरंजी टाकली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पाणी प्यायलो असतो, आणि पाणी प्यायल्यावर माझ्याने बोलवलं नसतं.

उभ्या-उभ्याच सांगितलं. मला तो विषय नीट येत नव्हता, ते तुमच्या पोरीने ओळखलं. मला राग आला. तिने जे लिहिलं ते तिच्या डोक्यातून लिहिलं, मी पाहत होतो. तिला फोनवर कुणी काही पाठवत नव्हतं. कुणीच नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

त्यांच्या हातात अर्धी बांधलेली जुडी होती. ती त्यांनी सोडली नाही, बांधलीही नाही. मग घराकडे तोंड करून म्हणाले, “आवं, इकडं ये. सर काय म्हणतात ऐक.”

तिची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

“सांगा सर. पुन्हा सांगा. पयल्यापासून.”

मी पुन्हा सांगितलं. तिची आई तांब्या धरून उभीच राहिली. माझं सांगून होतंय तोच त्या मुलीचा भाऊ शेतातून आला. त्यालाही बसवलं. “यालेही सांगा. यानं तिचा फोन हिरीत टाकला व्हता.” मी तिसऱ्यांदा सांगितलं. मला वाटलं होतं, पुन्हा पुन्हा सांगताना ते थोडं सोपं होईल, थोडं लहान होईल. झालं नाही. दर वेळी मला पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागली, आणि तिसऱ्यांदाही ‘मी पाहत होतो’ हे वाक्य गाळता आलं नाही.

भाऊ म्हणाला, “सर, तव्हा एक शब्द बोलले असते तुमी...” आणि अंगणाकडे वळला. त्याला आता स्वतःची दोन मुलं होती, एक अंगणात खेळत होतं.

वडील त्याला म्हणाले, “लाव तिले.”

त्याने फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून चक्कीचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

“हं. मी बोलून राह्यलो. सर आले आहेत इथं.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “चक्की बंद कर जराशी. ऐकू नाही येऊन राह्यलं.”

पलीकडची घरघर हळूहळू कमी झाली आणि थांबली. ते फोन कानाला धरून ओट्यावरून उतरले, घराला वळसा घालून मागच्या मेथीच्या वाफ्यांकडे गेले. आम्हा तिघांना त्यांची पाठ दिसत होती. ते काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. एकदा ते खाली बसले, वाफ्याच्या बांधावर, आणि बसूनच बोलत राहिले.

तिच्या आईने पाण्याचा तांब्या माझ्याजवळ दिला नाही. ओट्यावर ठेवला. म्हणाली, “जा आता, सर.”

मी निघालो. काळीपिवळी भरायला वेळ होता म्हणून चालतच राहिलो. घरी पोचलो तेव्हा बायकोने सवयीने पिशवी घेतली आणि उघडून पाहिली. पिशवी रिकामी होती. “भाजीवाल्याच्या घरी गेले अन् काहीच नाही आणलं?” ती म्हणाली. मग मी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं.